मौन आणि संमती : विनयातील संघकर्म आणि अरण्यप्रदेशातील जनसुनावणी

विनयपिटकातील खन्धकांचे वाचन करणाऱ्यास संघकर्माची एक पद्धती वारंवार भेटते. संघापुढे प्रथम प्रस्ताव मांडला जातो. त्यास 'ञत्ति' ही संज्ञा आहे. कर्म महत्त्वाचे असेल, उदाहरणार्थ उपसंपदा, तर प्रस्तावानंतर त्याची घोषणा तीन वेळा केली जाते, ही 'अनुस्सावना'. प्रत्येक वेळी विरोध असणाऱ्यास बोलण्याची संधी असते. तिसऱ्या घोषणेनंतरही सभा शांत राहिली, तर ते मौन संमती म्हणून धरले जाते आणि कर्म पूर्ण होते.

या पद्धतीकडे वरवर पाहणारा, न बोलणे म्हणजे होकार, एवढाच तिचा अर्थ घेतो. वस्तुतः विनयाचा सारा भर मौनावर नसून मौनापूर्वीच्या अटींवर आहे. सीमा आधी निश्चित झालेली असावी. त्या सीमेतील प्रत्येक भिक्षू उपस्थित असावा, किंवा त्याने आपला 'छन्द' म्हणजे संमती दुसऱ्याकरवी पाठविलेली असावी. त्या कर्मास लागणारी किमान संख्या पूर्ण असावी. यांपैकी एखादी अट अपुरी राहिली तर संघ 'समग्ग' राहत नाही, तो 'वग्ग' म्हणजे खंडित होतो, आणि त्याने केलेले कर्म 'कुप्प' म्हणजे न टिकणारे ठरते. ज्याला विचारलेच गेले नाही, त्याचे मौन विनयाच्या दृष्टीने संमती नव्हे. विचारल्यानंतरचे मौन आणि न विचारलेल्याचे मौन यांतील हा भेद प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या गोष्टी संघास ठाऊक होत्या, हे त्यांनी सभेच्या निदर्शनास आणले. आपल्या लेखनात या उल्लेखाचा अभिमानाने पुनरुच्चार होतो, परंतु बहुधा तेथेच थांबतो. प्राचीन भारतात लोकशाही होती एवढे सिद्ध करून आपण समाधान पावतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी असेही बजावले होते, की ही लोकशाही भारताने एकदा गमावली आहे आणि ती पुन्हा गमावली जाणारच नाही असे नाही. म्हणून संघाच्या कार्यपद्धतीचा उपयोग आजचा व्यवहार तपासण्यासाठी करून पाहिला पाहिजे.

असा व्यवहार पाहण्यासाठी आपणास फार दूर जावे लागत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्याचाच भाग होता. १९८२ मध्ये तो वेगळा झाला. या दोन जिल्ह्यांत जंगल, खनिज, बांबू आणि पाणी यांविषयीचे निर्णय सतत होत असतात. ते ज्यांच्या जगण्यावर परिणाम करतात, त्यांतील पुष्कळांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी आहे. या निर्णयांत त्यांचे मत घेण्याची जी रीत कायद्याने घालून दिली आहे, तिचा एक मुख्य पाठ म्हणजे १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची केंद्रीय अधिसूचना. तिच्या चौथ्या परिशिष्टात जनसुनावणीची पद्धती दिली आहे. एखाद्या खन्धकाचे वाचन करावे त्याच काळजीने हे परिशिष्ट वाचले, तर प्रसारमाध्यमांविषयीची एक संपूर्ण समजूत त्यात दडलेली आढळते.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी अथवा तिच्या अगदी निकट व्हावी, असे परिशिष्ट सांगते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात छापावी. जेथे वृत्तपत्र पोहोचत नाही तेथे दवंडी पिटावी, तसेच आकाशवाणी वा दूरचित्रवाणीवरून घोषणा करावी. अहवालाचा सारांश संकेतस्थळावर ठेवावा. सुनावणीचे संपूर्ण चित्रीकरण करावे. शेवटी उपस्थित झालेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवावेत. या तरतुदी वाईट नाहीत. दवंडीचा उल्लेख तर विशेष लक्षणीय आहे. वृत्तपत्र सर्वत्र पोहोचत नाही हे राज्यसंस्थेने तेथे प्रांजळपणे मान्य केले आहे.

परंतु याच परिशिष्टात असे एक विधान आहे, की ते वाचून विनयाच्या अभ्यासकाने थबकावे. सुनावणी सुरू करण्यासाठी कोणत्याही गणपूर्तीची आवश्यकता नाही, असे ते स्पष्ट सांगते. म्हणजे ज्यांच्यासाठी सभा बोलावली त्यांपैकी एकही जण आला नाही, तरी सभा होते. सूचना छापली गेली, चित्रीकरण झाले, संकेतस्थळावर कागद चढला, एवढ्याने ती पूर्ण ठरू शकते. माध्यमांनी आपले काम केले म्हणजे लोकांना विचारले गेले, अशी ही कल्पना आहे.

याउलट महावग्गातील सोण कुटिकण्णाची कथा आठवते. अवंती-दक्षिणापथात भिक्षू विरळ होते. सोणास उपसंपदा देण्यासाठी दहा भिक्षू जमविण्यास महाकच्चान स्थविरांना तीन वर्षे लागली. पुढे ही अडचण भगवंतांच्या कानी घातली गेली, तेव्हा त्यांनी सीमावर्ती प्रदेशासाठी नियम शिथिल केला. तेथे विनयधरासह पाच भिक्षूंचा गण पुरेसा ठरविला. दूरच्या प्रदेशाची अडचण ओळखून संख्या कमी केली, पण संख्येची अटच काढून टाकली नाही. दुर्गमता हे गणपूर्ती रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही, हा या कथेचा आजच्या संदर्भातील अर्थ आहे.

आपल्या देशातील दुसऱ्या एका कायद्याला हे उमगले आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या बैठकीस किमान निम्मे सदस्य उपस्थित असावे लागतात आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. गाव तेच, माणसे तीच, जंगलही तेच. त्या जंगलावरचा हक्क मागावयाचा असेल तर निम्मे गाव जमले पाहिजे. त्याच परिसरात खाण वाढवावयाची असेल तर सुनावणीस कोणीही नसले तरी चालते. या दोन पाठांतील विसंगतीकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके अद्याप गेलेले नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाच्या खाणीची वार्षिक क्षमता तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. ती झाली जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गडचिरोलीत. सुरजागडच्या डोंगरापासून हे ठिकाण दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. या टापूतील सशस्त्र संघर्षाचा इतिहास पाहता प्रशासनास सुरक्षेची काळजी वाटणे समजू शकते. परंतु मजुरी बुडवून, दोन-तीन वाहने बदलून, कदाचित रात्र बाहेर काढून जिल्ह्याच्या ठिकाणी येणे ज्यास शक्य नाही, त्याचे मौन कशात मोजावयाचे, हा प्रश्न त्या काळजीने सुटत नाही.

विनयाने या प्रश्नाचे उत्तर आजारी भिक्षूच्या संदर्भात दिले आहे. जो आजारामुळे सभेस येऊ शकत नाही, त्याने आपला छन्द दुसऱ्याजवळ द्यावा. ते जमत नसेल तर त्याला मंचकावर उचलून सभेत आणावे. उचलून आणल्याने त्याचा आजार वाढेल असे वाटत असेल, तर संघानेच त्याच्याकडे जावे आणि तेथे कर्म करावे. मात्र खंडित संघाने कर्म करू नये. येऊ न शकणाऱ्याकडे सभेने जावे, हा नियम अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत इतक्या रोखठोकपणे सांगितला गेला, याचे आश्चर्य वाटते. आजच्या काळात, हाती इतकी साधने असताना, आपण नेमके उलटे करतो. सभा आपल्या जागी राहते आणि साधने तिचे चित्र गावाकडे पाठवितात.

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की नव्या संवादमाध्यमांनी न बोलणाऱ्यांना प्रथमच वाचा दिली, ती नाकारता येईल काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचा विचार मोकळेपणाने झाला पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या पाक्षिकास बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे नाव दिले, त्यामागे हाच अनुभव होता. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे सर्वविदित आहे. पुढे १९४३ च्या रानडे जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी भारतीय पत्रकारितेचा व्यापार झाल्याबद्दल कठोर टीका केली. आपल्या काळातही चित्र फारसे बदलले नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांना व वाहिन्यांना त्या घटनेचे खरे स्वरूप दिसावयास कित्येक आठवडे लागले. त्या काळात कार्यकर्त्यांनी संगणकीय टपाल आणि मोबाइलवरील संदेश यांच्या साहाय्याने ती वार्ता देशोदेशी नेली. ही साधने नसती तर ते मौन आणखी लांबले असते.

गोंडी भाषकांच्या बाबतीत २०१० साली मध्य भारतात सुरू झालेला 'सीजीनेट स्वर' हा प्रयोग याहूनही महत्त्वाचा आहे. बीबीसीतील माजी पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी तो छत्तीसगडमध्ये उभा केला. साध्या मोबाइलवरून क्रमांक फिरवावा, आपल्या भाषेत आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करावे, आणि त्याच क्रमांकावर इतरांनी ते ऐकावे, अशी ही रचना आहे. रस्ता, हातपंप, थकलेली मजुरी, शिक्षक न येणारी शाळा असे विषय त्यावर येत राहिले. येथे लिहितावाचता येण्याची अट नाही, स्मार्टफोनची अट नाही. चुल्लवग्गात भगवंतांनी आपले वचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्यास अनुमती दिल्याचा जो प्रसंग आहे, त्याच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. अट्ठकथाकार तेथे मागधी भाषा अभिप्रेत मानतात, तर अनेक आधुनिक अभ्यासक ज्याची-त्याची बोली असा अर्थ घेतात. दुसरा अर्थ मान्य केला तर हा प्रयोग त्या वचनास धरून आहे असे म्हणता येईल.

तरीही बोलता येणे आणि विचारले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नव्या माध्यमाने पहिली दिली. दुसरी दिली, असा आपला समज झाला आहे. हा समज किती घातक ठरू शकतो हे २०२० साली दिसून आले. त्या वर्षी मार्चमध्ये उपर्युक्त अधिसूचनेच्या जागी आणावयाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र शासनाने प्रसिद्ध केला. तो इंग्रजी व हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. शासनाने त्या आदेशास आव्हान दिले, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की आदेशाचे तंतोतंत पालन झाले असते तरी २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तीस लाख लोक बोलतात ती गोंडी त्यात आली नसती. कारण ती आठव्या अनुसूचीतच नाही.

त्याच वेळी शहरांतील तरुणांच्या काही संघटनांनी आपल्या संकेतस्थळांवरून मसुद्याविरुद्ध मोहीम चालविली आणि शासनाकडे हरकतींचा पाऊस पडला. जुलै २०२० मध्ये अशा संघटनांची संकेतस्थळे काही काळ बंद झाली. एका संघटनेस तर दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस गेली. ती पुढे चुकीने गेल्याचे सांगून मागे घेण्यात आली. आता या दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचला आणि ज्यांनी मोठ्या संख्येने उत्तर दिले, त्यांचे बोलणे उपद्रव ठरले. ज्यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही, त्यांच्या न बोलण्यास हरकत नाही असा अर्थ मिळाला. अनुस्सावनेच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच आहेत.

मग या प्रदेशात समग्ग सभा कोठे आढळते? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम या धरणांच्या विरोधात येथे 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. मोबाइल सोडाच, साधा दूरध्वनी दुर्मीळ असताना ते गावोगावच्या बैठकांतून उभे राहिले. त्याच वातावरणातून मेंढ्याची ग्रामसभा घडली. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कार्यामुळे ती सर्वपरिचित झाली. या गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो; आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटांत विषयाची चर्चा होते. एकाचीही असहमती असेल तर विषय पुन्हा पुढच्या सभेत येतो. २००९ मध्ये गावास सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले.

त्या दिवशी मेंढ्यात पत्रकार आले, छायाचित्रे निघाली, बातम्या झाल्या. परंतु ज्या शेकडो बैठकांमुळे तो दिवस उगवला त्यांची बातमी क्वचितच झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावास २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने स्वतःचे नियम केले आणि हातात येणारा पैसा सोडून तेंदूपाने न तोडण्याचे ठरविले. अशा निर्णयामागचा युक्तिवाद, त्यातील मतभेद, मतभेद मिटण्याची रीत हाच खरा लोकशाहीचा वृत्तान्त होय. आपली पत्रकारिता समारंभाचा आणि चकमकीचा वृत्तान्त देते. सभेचा देत नाही. तालुक्याच्या वार्ताहरास मानधन नाममात्र आणि जाहिराती गोळा करण्याची जबाबदारी मोठी, ही व्यवस्था त्यास बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर येणाऱ्या बातम्यांनी हा दोष दूर केला नाही, उलट वाढविला; कारण सभा लांब असते आणि चित्रफीत आखूड.

विनयाची पद्धती निर्दोष होती, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. भिक्षुसंघाच्या कर्मात भिक्षुणींना मत नव्हते, उपासक-उपासिकांना नव्हते. भयाने राहिलेले मौन आणि मनापासूनचे मौन यांतील फरक कोणत्याही नियमास पूर्णपणे पकडता येत नाही. मेंढ्याची सर्वसहमती मोठ्या, जातींनी दुभंगलेल्या गावात तशीच उतरेल असेही नाही. तेथे सहमतीच्या नावाखाली दुर्बलास गप्प बसविले जाण्याचा धोका असतो, हे दलित समाजास सांगावयास नको.

शिवाय हा दोष केवळ शासनाचाच आहे असे समजून आपणास सुटता येणार नाही. काही महिन्यांपूर्वी आमच्या विहाराच्या व्हॉट्सॲप गटावर रविवारच्या वंदनेची वेळ बदलण्याचा प्रस्ताव आला. दोन दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, म्हणून तो मंजूर झाल्याचे जाहीर झाले. मीही गप्प होतो आणि ते मौन संमतीचे होते. पुढच्या रविवारी नव्या वेळेस पोहोचलो, तेव्हा तीन वृद्ध उपासिका वंदना झाली असे समजून परत निघाल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीकडेही तसला फोन नव्हता. संघकर्मावर विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच विहारात, वग्ग सभेने कर्म केले होते.

म्हणून विनयाच्या आधारे तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली सीमेची : ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांची गावे आधी निश्चित करून सभा त्या गावांत व्हावी. दुसरी गणपूर्तीची : दुर्गमता पाहून संख्या हवी तर कमी ठेवावी, पण ती असावी, आणि तीत स्त्रियांची संख्या वेगळी मोजली जावी. तिसरी अनुस्सावनेची : प्रश्न त्या लोकांच्या भाषेत, मध्ये विचारास अवधी ठेवून, एकाहून अधिक वेळा विचारला जावा; त्याचे ध्वनिमुद्रण कचेरीत न ठेवता गावाकडे परत यावे, जेणेकरून आपण काय म्हटले आणि काय नोंदले गेले हे गावास पडताळून पाहता येईल. मोबाइल, ध्वनिमुद्रण, संकेतस्थळ ही साधने या तिसऱ्या कामी फार उपयोगी आहेत. ती सभेची सेवक म्हणून यावीत. सभेच्या जागी बसू नयेत.

वृत्तपत्रांकडून आणि वार्ता देणाऱ्या प्रत्येकाकडून अपेक्षा याहून साधी आहे. जनसुनावणीची बातमी देताना कोण काय बोलले हे लिहावेच. पण किती गावांवर परिणाम होणार होता, त्यांपैकी किती गावांतून माणसे आली, आणि प्रश्न कोणत्या भाषेत विचारला गेला, या तीन गोष्टी त्याच बातमीत असाव्यात. जे आले नाहीत त्यांची नोंद नसेल, तर वाचक त्यांच्या मौनाला होकार समजून पुढची बातमी वाचू लागतो.